मोहरी टाका

मागच्या सीटवर तिघी बसल्या होत्या. एका खिडकीशी आई, दुसऱ्या खिडकीशी आत्या, मधोमध मुंगी आणि तिच्या मांडीवर चादरीत गुंडाळलेलं खोगीर. गाडी वळली की खोगीर कधी आईच्या कोपराला टेकायचं, कधी आत्याच्या. आत्या त्याला हाताने सावरायची. आई मात्र अंग चोरून दाराला चिकटायची.

"मुंगे, तुझ्या आत्याला विचार, त्या दोन घोड्यांतला शांत कोणता," आई म्हणाली.

आत्या हातभर अंतरावर होती. तरी मुंगीने मान वळवून विचारलं, "आत्या, शांत कोणता?"

"करडा. चौदा वर्षांचा आहे."

"आई, करडा."

"मग दुसरा बघायचाच कशाला?"

"आत्या, आई म्हणते..."

"ऐकलं. कान शाबूत आहेत माझे."

गाडी चालवणारा काका आरशात बघून हसला. "मुंगे, तू या कामाचा पगार मागून घे. टपालखातंसुद्धा एवढं राबत नाही."

काकाच्या शेजारी आजोबा बसले होते. ते दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून समोरचा रस्ता बघत होते. घरातून निघाल्यापासून त्यांनी तोंड उघडलं नव्हतं.

एका घरात राहून दोन बायकांनी सहा वर्षं एकमेकींशी बोलायचं नाही, हे वाटतं तितकं सोपं नसतं. मीठ मागायलासुद्धा तिसरं माणूस लागतं. आधी ते काम काका करायचा. मग मुंगी मोठी झाली आणि ते तिच्या गळ्यात पडलं. मुंगी आता सतराची होती. लहानपणी अंगाने एवढीशी होती म्हणून बाबांनी ते नाव ठेवलेलं. आज ती आत्याहून बोटभर उंच झाली होती, पण नाव काही बदललं नाही.

बाबा गेले ते घोड्यावरून पडून. सरावाच्या मैदानावर, तिसऱ्या अडथळ्याला, सकाळी साडेनऊ वाजता. तो बदामी घोडा आत्याने पसंत केलेला. घोडा खुनशी निघाला, असं सगळे म्हणाले. दोन दिवसांनी डॉक्टरांनी त्याला कायमचं झोपवायची सुई दिली. कागदावर सही आत्याची होती, आणि शेवटपर्यंत त्याचं डोकं धरून उभी राहिली तीही आत्याच. त्या दिवसापासून आईने नणंदेला हाक मारली नाही. त्याआधी ती तिला 'वन्सं' म्हणायची, जुन्या बायकांसारखं मुद्दाम ठसक्यात, आणि मग दोघी फिदीफिदी हसत बसायच्या.

आज आई आली होती ती स्वतःच्या हट्टाने. तीन महिन्यांनी मुंगी अठराची होणार, मग ती कुणाला विचारत बसणार नाही, हे तिला पुरतं ठाऊक होतं. माघारी घोडा घेण्यापेक्षा माझ्यादेखत घ्या, असं तिने सांगितलं. सांगताना सोपं वाटलं होतं. पण सकाळी वेणी घालताना तिच्या हातून पेड दोनदा सुटले.

"इंग्लिश रायडिंग," ती खिडकीबाहेर बघत पुटपुटली. "धरायला पुढे साधी मूठसुद्धा नाही त्या खोगिराला. सपाट पाटच तो. त्यावर बसून वर उड्या मारायच्या. कुणाच्या डोक्यातून निघालं असेल हे?"

"तोल गुडघ्यांनी धरायचा असतो, आई."

"तुझ्या बाबांचे गुडघे चांगले मजबूत होते," आई म्हणाली.

तबेला गावाबाहेर होता. लांबट पत्र्याची शेड, ओळीने बारा खण, समोर वाळूचं मैदान आणि त्यात रंगवलेल्या दांड्यांचे पाच अडथळे. मालकीण ऐसपैस बाई होती, गुडघ्यापर्यंत बूट चढवलेली. तिने दोन्ही घोडे बाहेर आणून बांधले होते.

"दुपारी दुसरं गिऱ्हाईक येतंय," तिने आल्या आल्या सांगून टाकलं. "ते दोघांतला एक नेणारच. तुम्हाला निवडायचं असेल तर आत्ताच निवडा."

आत्याने आधी करड्याला हात लावला. मोठा, रुंद पाठीचा, डोळे अर्धवट मिटलेले. तिने मानेवरून हात फिरवत खांद्यापर्यंत आणला, मग पुढच्या पायावरून खाली. घोड्याने मुकाट्याने खूर उचलून दिला. मग ती तांबडीकडे गेली. सात वर्षांची घोडी, कान सारखे हलते. आत्याने हात पुढे करताच तिने मान मागे घेतली, क्षणभर बघितलं आणि मग आपण होऊन नाक आत्याच्या तळहातावर ठेवलं. आत्या मनातून सुखावली. लगेच भीतीही वाटली, कारण सहा वर्षांपूर्वी त्या बदामी घोड्याने अगदी हेच केलं होतं.

तिला वाटायचं, आपल्याला घोड्यांतलं कळतं. घरात कुणाला वाटत नसलं तरी ती रायडिंग शिकवून पोट भरत होती, शंभर पोरं तिच्या हाताखालून गेली होती. पण भाऊ गेल्यापासून प्रत्येक घोड्यासमोर उभं राहिलं की आत कुणीतरी विचारायचं, आणि हाही खुनशी निघाला तर? त्या प्रश्नाचं उत्तर तिला कधी देता आलं नाही.

"मुंगी, तुझ्या आईला सांग, तांबडी चांगली आहे," ती म्हणाली. "तल्लख आहे, पण लबाड नाही. करडा पुढचा डावा पाय जपून टाकतोय."

"चौदा वर्षांचा आहे, जपून टाकणारच," आई म्हणाली. "जपून टाकणारंच पाहिजे मला. मुंगे, सांग तिला."

"करडा घ्या," आजोबा म्हणाले.

सगळ्यांनी वळून बघितलं. आजोबा दोन्ही घोड्यांपासून लांब, गवताच्या गठ्ठ्याशी उभे होते. घोड्यांच्या बाबतीत त्यांनी आजवर लेकीचा शब्द कधी मोडला नव्हता. सगळं घर आत्याच्या विरोधात गेलं तेव्हासुद्धा ते तिच्या बाजूने, निदान गप्प तरी राहिले होते.

"अण्णा, तुम्ही त्याच्या पाठीला हातसुद्धा लावला नाहीत," आत्या म्हणाली.

"नाही लावला. करडा घ्या."

"कारण?"

"पोर हळू जाईल त्याच्यावर. बस्स."

"मला वाटलं होतं, तुम्ही तरी माझ्यावर विश्वास ठेवाल."

आईने सासऱ्यांकडे पाहिलं. ते आपल्या बाजूने बोलले याचं तिला बरं वाटायला हवं होतं, पण म्हाताऱ्याचा चेहरा पाहून ती आणखीच धास्तावली. काका दोन्ही घोड्यांपासून सुरक्षित अंतर राखून होता. तो घसा खाकरून म्हणाला, "वहिनी आणि अण्णा एकीकडे, ताई एकीकडे. माझं मत विचाराल तर या दोघांपेक्षा सायकल बरी. पण बसणारी कोण आहे? तिला बसू द्या की दोघांवर, मग भांडा."

मग तसंच ठरलं. आधी करडा.

मुंगी करड्यावर चढली ती तबेल्यातलंच रुंद खोगीर घालून. बाबांचं खोगीर त्याच्या पाठीला बसलंच नसतं. रिकिबीत पाय रोवताना तिला भीती वाटली. दर वेळी वाटायची. प्रत्येक अडथळ्याच्या आधी पाच-सहा पावलं तिला काही ऐकू येईनासं व्हायचं, आणि घोड्याचे पाय जमिनीवरून सुटले की मगच ती पुन्हा श्वास घ्यायची. चार वर्षं ती रोज भीत होती आणि रोज बसत होती. कुणाला सांगण्याची सोय नव्हती. आईला सांगितलं तर रायडिंग त्याच दिवशी बंद. आत्याला सांगितलं तर तिचा चेहरा पडणार. आजोबांना सांगावंसं वाटायचं, पण आजकाल ते घोड्यांचं नाव काढलं की आपल्या दुकानाच्या मागच्या खोलीत निघून जायचे.

आजोबांचा विचार आला तशी तिला थोडी उभारी आली. कारण बाबांच्या खोगिरात तिने त्यांच्यासाठी एक गंमत करून ठेवली होती. आज रपेट झाली की खोगिराच्या बाजूची चामडी झडप उचलून दाखवायची, असं तिने ठरवलं होतं.

आजोबांच्या चामडी सामानाच्या दुकानाचं नाव होतं ते मोहरी टाक्यासाठी. चामड्यावर मोहरीच्या दाण्याएवढे, एकसारखे, इंचाला बारा टाके. लांबून लांबून माणसं पिशव्या, लगाम, कमरपट्टे शिवून घ्यायला येत आणि टाके बघायला भिंग मागत. त्या भिंगापायीच काकाने पुढे चष्म्यांचं दुकान काढलं, असं घरात त्याला चिडवायचे. मुंगी दहा वर्षांची असल्यापासून आजोबांच्या पाटाशी बसायची. त्यांनी तिला सगळं शिकवलं, एक सोडून. खोगिराच्या झडपेखाली जे पट्टे असतात, ज्यांना घोड्याच्या पोटाखालून येणाऱ्या तंगाची बक्कलं अडकवतात, त्या पट्ट्यांना हात लावायचा नाही. का, ते विचारलं की म्हणायचे, नाही म्हणजे नाही.

बाबांचं खोगीर सहा वर्षं माळ्यावर पडून होतं. मुंगीने ते काढायला लावलं, महिनाभर त्यासाठी रुसली, तेव्हा कुठे आजोबांनी त्याला नवे पट्टे शिवून दिले. ते पट्टे बघून तिला भडभडून आलं. टाके मोठाले, विरळ, इंचाला जेमतेम सहा. आजोबांचे डोळे गेले, हे तिला त्या दिवशी पटलं. ते आपल्या लक्षात आलंय हे त्यांना कळू नये म्हणून ती काही बोलली नाही. पण गेल्या आठवड्यात ते दवाखान्यात गेले तेव्हा तिने ती शिवण उसवली आणि त्याच भोकांच्या मध्ये नवी भोकं पाडून पट्ट्यांना मोहरी टाका घातला. सुबक, एकसारखा, अगदी त्यांच्या हातचा वाटावा असा.

पहिला अडथळा करड्याने आरामात पार केला. दुसराही. तिसऱ्याला मात्र तो उशिरा उठला. पुढचा डावा खूर दांडीला अडकला, दांडी खडखडत खाली आली आणि करडा गुडघ्यांवर गेला. मुंगी त्याच्या मानेवर आदळली. एक क्षण तिला फक्त वाळू दिसली, अगदी डोळ्यांपाशी. मग घोडा धडपडत उठला आणि ती वर राहिली, कशी ते तिलाही कळलं नाही.

कुंपणाशी आईने वरचा आडवा बांबू दोन्ही हातांनी धरला होता. काकाने तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"हा शांत नाही," काका हलकेच म्हणाला. "हा दमलाय, वहिनी."

मालकिणीने बुटाच्या टोकाने वाळू उकरली. "खोटं कशाला बोलू? सपाटीला याच्यासारखा घोडा नाही. पण उड्या त्याच्या संपल्यात. तुम्ही शांत म्हणून मागताय म्हटल्यावर मी गप्प बसले."

आत्या काही बोलली नाही. माझंच खरं ठरलं, असा आविर्भावही तिने आणला नाही. धाडसी घोड्याचा धोका माणसाला दिसतो, दमलेल्याचा दिसत नाही, हे तिला माहीत होतं, पण वहिनीच्या पांढऱ्याफटक चेहऱ्याकडे बघून ते बोलायची तिला हिंमत झाली नाही.

आईजवळ आता काहीच उरलं नव्हतं. महिनाभर ती मनाशी धरून होती ती एकच गोष्ट, की दोन घोड्यांत एक तरी बिनधोक असेल. ज्याला ती बिनधोक समजली त्यानेच तिच्यादेखत गुडघे टेकले. "मुंगे," ती म्हणाली, "मला घरी जायचंय." पण ती जागची हलली नाही, आणि मुंगीने करड्यावरून उतरून तांबडीकडे जाताना तिला कुणी अडवलंही नाही.

मुंगीने चादर सोडली. बाबांचं खोगीर तांबडीच्या पाठीवर ठेवलं तर ते असं बसलं, जणू तिच्यासाठीच मापून केलं होतं.

आजोबा गवताच्या गठ्ठ्यावर बसले होते. खोगीर तांबडीवर चढलेलं त्यांनी पाहिलं आणि त्यांच्या डोळ्यांसमोर पुन्हा ती सकाळ आली. दरवेळी तीच यायची. मुलगा खाली पडलेला, सगळे त्याच्याभोवती, आणि बदामी घोडा मोकळा सुटून झाडांमागे जाऊन उभा राहिलेला. त्याला पकडायला गेले ते आजोबा. खोगीर छातीच्या पट्ट्याला अडकून त्याच्या पोटाखाली लोंबत होतं. एका बाजूचे पट्टे टाक्यांच्या रेषेत फाटले होते, सरळ, पट्टीने आखावं तसे.

चामड्याला जिथे ताण बसतो तिथे टाके मोठे आणि विरळ घालायचे, हे त्यांना पंधराव्या वर्षापासून माहीत होतं. बारीक टाका म्हणजे एकमेकांना खेटून भोकं, आणि खेटून भोकं म्हणजे चामडं तिथेच फाटणार. पण त्या वर्षी मुलगा पहिल्यांदा मोठ्या स्पर्धेत उतरणार होता. लोक त्याचं खोगीर बघायला येणार, झडप उचलून टाके बघणार. आपल्या लेकाच्या खोगिरात आपला विरळ टाका दिसायला नको, म्हणून त्यांनी पट्ट्यांनाही मोहरी टाका घातला. एवढंच. हौस म्हणा, मिजास म्हणा. तो स्पर्धेपर्यंत पोचलाच नाही.

त्यांनी तिथल्या तिथे फाटके पट्टे कापून खिशात घातले आणि कुणाला काही सांगितलं नाही. त्या सकाळी सांगायला तोंड उघडलं नाही. मग लोक म्हणू लागले, घोडा खुनशी होता, आणि ते सोपं पडलं. मग लेकीने घोड्याच्या कागदावर सही केली. त्यानंतर सांगणं शक्यच राहिलं नाही. सुनेने लेकीशी बोलणं टाकलं, ते त्यांनी सहा वर्षं एकाच पंगतीला बसून पाहिलं आणि घास गिळत राहिले.

आज घाबरायचं तसं काही कारण नव्हतं. नवे पट्टे त्यांनी स्वतः शिवले होते, इंचाला सहा टाके, दोनदा ओढून पाहिले होते. हे ते सकाळपासून स्वतःला समजावत होते. तरी मुंगीने रिकीब हातात धरली तेव्हा त्यांना बसवेना.

"थांब," ते म्हणाले.

घरची जुनी रीत होती. कुणीही घोड्यावर बसण्याआधी आजोबांनी झडप उचलायची, पट्ट्यांवरून अंगठा फिरवायचा आणि म्हणायचं, बस. सहा वर्षांत त्यांनी ते केलं नव्हतं. ते उठले, काकाने दिलेला हात झटकून वाळू तुडवत तांबडीपर्यंत आले. घोडीने कान टवकारले. मुंगी बाजूला सरकली. तिला हसू येत होतं, कारण गंमत आता त्यांना आपोआपच दिसणार होती.

आजोबांनी झडप उचलली. डोळ्यांना नीट दिसत नव्हतं, त्यांनी अंगठा फिरवला. पहिला पट्टा. अंगठा थांबला. दुसरा पट्टा. मग परत पहिला, अगदी सावकाश. अंगठ्याखाली मोहरीचे दाणे लागत होते, बारीक, एकसारखे. त्यांना वाटलं आपल्याला भ्रम होतोय. वाटलं, तेच पट्टे, तोच दिवस.

"खोगीर उतरव," ते म्हणाले.

"आजोबा, मी तुम्हाला सांगणारच होते. तुम्हाला आवडले नाहीत का?"

"उतरव आधी."

त्यांचा आवाज ऐकून आत्या पळत आली. तिनेच बक्कलं सोडली आणि खोगीर काढून वाळूवर ठेवलं. आजोबा खाली बसले, काकाला म्हणाले, "पाय दे खोगिरावर. हा पट्टा धर आणि ओढ."

"अण्णा, काय चाललंय?"

"ओढ म्हणतो ना."

काकाने ओढला. काही झालं नाही. "आणखी. अंगाचा भार टाक," आजोबा म्हणाले. काका अंगाने भरलेला. त्याने खोगिरावर पाय रोवला, पट्टा दोन्ही हातांना गुंडाळला आणि मागे झुकला. पट्टा टाक्यांच्या रेषेत टरकन फाटला, टपालाचं तिकीट फाटावं तसा, आणि काका वाळूत पाठीवर पडला. तो उठला नाही. हातातल्या तुकड्याकडे बघत तसाच पडून राहिला.

मुंगीने तोंडावर हात धरला. "मी शिवले ते," ती म्हणाली. "तुमचे टाके मोठे आले होते, आजोबा. मला वाटलं तुम्हाला दिसत नाही. मला वाटलं..."

"मोठेच घालायचे असतात तिथे."

"मग मला का नाही सांगितलं? विचारलं होतं मी. किती वेळा विचारलं."

आई कुंपणाच्या आत आली होती. आत्या तांबडीचा लगाम धरून उभी होती. मालकीण शहाणी, ती करड्याला घेऊन खणाकडे निघून गेली.

"सांगितलं असतं तर का ते पण सांगावं लागलं असतं," आजोबा म्हणाले. "तुझ्या बाबाच्या पट्ट्यांना मी मोहरी टाका घातला होता. असाच. पट्टे फाटले म्हणून तो पडला. घोड्याने काही केलं नाही. पट्टे मी कापून घेतले, कुणी बघायच्या आत."

आत्याच्या हातातला लगाम सैल झाला तशी तांबडीने मान खाली घातली.

"आणि तो घोडा?" आत्याने विचारलं.

"त्याचा दोष नव्हता."

"मी सही केली, अण्णा. डोकं धरून उभी होते मी त्याचं. तो माझ्याकडे बघत होता."

"माहीत आहे."

"तुम्ही होता तिथे. माझ्या मागे उभे होता."

"होतो," आजोबा म्हणाले. "माफी मागायचं तोंड नाही मला. मागतही नाही. आजसुद्धा बोललो नसतो कदाचित. पण माझ्या गप्प बसण्याने ही पोर..." त्यांनी मुंगीकडे हात केला आणि तो तसाच खाली सोडला.

काका उठून वडिलांजवळ गेला. त्यांना आधार द्यावा की नाही, हे त्याला ठरवता येईना, म्हणून तो नुसता शेजारी उभा राहिला.

आईने सासऱ्यांकडे पाहिलं नाही. तिला त्यांचा राग आला होता, इतका की तो आज संपणार नव्हता, या वर्षात संपणार नव्हता. त्याच्यासाठी पुढे पुष्कळ दिवस होते. आत्ता तिला दिसत होती ती नणंद, घोडीच्या मानेला टेकून उभी, सहा वर्षांत केस अर्धे पांढरे झालेली. हे केस पांढरे होताना आपण रोज बघत होतो आणि एकदाही काही बोललो नाही, हे आईच्या लक्षात आलं आणि तिला स्वतःची भयंकर लाज वाटली.

मुंगी मध्ये उभी होती, नेहमीसारखी. "आई," ती म्हणाली, "मला भीती वाटते. रोज वाटते. चार वर्षं झाली. आत्ताही वाटतेय."

"मग नको बसू."

"पण बसायचंय मला."

आई तिच्याकडे बघत राहिली. तिचीही भीती होती तिथेच होती. फक्त आता ती घोड्याची नाही, पोर गमावण्याची आहे, हे तिला कळत होतं. इतकी वर्षं ती घोड्याला भीत आली होती, आणि घोड्याने काही केलंच नव्हतं.

ती मुंगीला ओलांडून पुढे गेली आणि आत्यासमोर जाऊन थांबली.

"वन्सं," ती म्हणाली. "यांतला कोणता घ्यायचा?"

आत्याने मान वर केली. मुंगीने सवयीने उत्तर पोचवायला तोंड उघडलं आणि मिटलं.

"माझं ऐकून एकदा..." आत्या म्हणाली.

"तुमचं चुकलं नव्हतं. कोणता, ते सांगा."

"तांबडी," आत्या म्हणाली. "पण मलाही भीती वाटते, वहिनी."

"वाटू दे. आपण तिघी घाबरतो, एकीने तरी बक्कल नीट लावायला हवं. मालकीणबाईंकडून दुसरं खोगीर आणा."

आत्याने तबेल्यातून खोगीर आणलं, जुनं, काळपटलेलं, आणि तांबडीच्या पाठीवर ठेवलं. घोडीने अंग थरथरवलं, मग स्थिर उभी राहिली. आत्या तंग घ्यायला वाकली, पण बक्कल हातातून निसटलं.

"थांबा," आई म्हणाली. "आधी टाके बघू."

तिने हात पुसले, पुढे झाली, झडप वर उचलून धरली, आणि दोघी डोक्याला डोकं लावून टाके मोजू लागल्या.